ऑनलाइन तासिकांवर छात्राध्यापक नाराज का असतात?

प्रश्न एका तरुण प्राध्यापकांचा आहे. बी.एड. महाविद्यालयात त्यांचं हे दुसरं वर्ष. इंटर्नशिपच्या काळात त्यांचे ५० छात्राध्यापक, म्हणजे बी.एड. करणारे विद्यार्थी, तीन तालुक्यांतल्या शाळांमध्ये विखुरलेले असतात, म्हणून थिअरीच्या तासिका आणि पाठांवरची चर्चा संध्याकाळी ऑनलाइन होते. ॲप पैसे भरून घेतलेलं, स्लाइड्स रात्री जागून केलेल्या, प्रत्येक तासिकेचं रेकॉर्डिंग उपलब्ध. तरीही सेमिस्टरच्या शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायात समाधानाची सरासरी ५ पैकी २.६ आली. प्राचार्य म्हणतात, नेटवर्कचा प्रॉब्लेम. त्यांना स्वतःला वाटतं, मुलंच गंभीर नाहीत. ते विचारतात : छात्राध्यापकांचं समाधान नेमकं कशावर ठरतं आणि मी काय बदलू?

सर, प्राचार्यांचं म्हणणं थोडं खरं आहे आणि तुमचंही थोडं खरं आहे. पण तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि मला त्यात एक गोष्ट सापडली नाही. तुम्ही ॲपबद्दल लिहिलंत, स्लाइड्सबद्दल लिहिलंत, रेकॉर्डिंगबद्दल लिहिलंत. म्हणजे तुमच्याकडून मुलांकडे जे जातं ते सगळं लिहिलंत. मुलांकडून तुमच्याकडे काय येतं, आणि आल्यावर त्याचं पुढे काय होतं, याबद्दल एक ओळही नाही. गेली २२ वर्षं मी सातारा जिल्ह्यात बी.एड.ला शिकवते आहे. माझा अनुभव असा की छात्राध्यापकांच्या समाधानाचा मोठा हिस्सा तिथेच ठरतो. बाकीच्या गोष्टीही सांगते, पण आधी ही.

२०२१ च्या सुरुवातीला, प्रवेश उशिरा झालेल्या बॅचचं सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेका कौशल्याचे काही मिनिटांचे सराव-पाठ, आम्हाला ऑनलाइनच घ्यावं लागलं. एक छात्राध्यापिका पाटण तालुक्यातल्या डोंगरातल्या गावातून पाठ देत होती. घरात रेंज नव्हती, पडवीच्या एका कोपऱ्यात मिळायची. तिने दाराच्या आतल्या बाजूला काळा रंग मारून फळा केला होता. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवलेला. समोर पोत्यावर तिचा धाकटा भाऊ आणि शेजारच्या दोन मुली. कौशल्य होतं प्रस्तावनेचं, घटक बाष्पीभवन आणि संघनन. तिने विचारलं, “आई भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढते, तेव्हा झाकणाला आतून काय दिसतं?” भाऊ म्हणाला, “घाम.” ती क्षणभर थांबली. पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, अपेक्षित उत्तर ‘पाण्याचे थेंब’ असणार. मग म्हणाली, “बरं, झाकणाला घाम कुठून आला असेल?” आणि तिथून पाठ पुढे नेला.

नवख्या शिक्षिकेने मुलाचं अनपेक्षित उत्तर टाकून न देता त्याच्यावरच पाठ उभा करायचा, हे किती अवघड असतं ते तुम्हाला माहीत आहे. अनुभवी शिक्षकांनाही ते रोज जमत नाही. आणि मी काय केलं? यादीत अजून ३१ जण बाकी होते, घड्याळ पुढे पळत होतं. मी म्हटलं, “छान. पुढचा पाठ कोणाचा?”

आठ दिवसांनी आम्ही अभिप्राय भरून घेतले. तिने समाधानाला २ गुण दिले होते आणि खाली एक ओळ लिहिली होती : “मॅडम, माझा पाठ तुम्ही पाहिलात का?” मी तिला त्याच संध्याकाळी फोन केला आणि ‘घाम’वर तिने काय केलं ते तिला समजावून सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, “मॅडम, मला वाटत होतं, भावाने उत्तर चुकवलं म्हणून माझा पाठ फसला.” आठ दिवस ती मुलगी आपल्या सगळ्यात चांगल्या क्षणाला अपयश समजून बसली होती. त्या दिवसापासून मी अभिप्रायाच्या फॉर्मकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

सूक्ष्म अध्यापनाचं चक्र ३६ मिनिटांचं असतं हे तुम्ही शिकवताच : ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं पुन्हा पाठ, ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. या चक्रात शिकवण्याला दोनदा ६ मिनिटं आहेत आणि प्रत्याभरणालाही तितकीच. स्टॅनफर्डमध्ये १९६० च्या दशकात ही पद्धत आकाराला आली, तेव्हापासून तिचा जीव प्रत्याभरणात आहे. ऑनलाइन आल्यावर सगळ्यात आधी काय कापलं गेलं असेल, तर हेच. पाठ उरले आणि पाठावरचं बोलणं गेलं. आम्ही कापलं, बहुतेकांनी कापलं. तुमच्याकडे ते किती उरलंय, हे आधी मोजा. गेल्या महिन्यात तुमच्या ५० पैकी किती जणांना त्यांच्या स्वतःच्या पाठाबद्दल, नाव घेऊन, नेमकं असं काही सांगितलं गेलं? हा आकडा काढलात की २.६ चा अर्धा उलगडा होईल असं मला वाटतं.

आता असं का होतं त्याबद्दल. बी.ए.चा विद्यार्थी ऑनलाइन तासिकेकडून मुख्यतः माहिती मागतो. मुद्दे कळले, नोट्स मिळाल्या की त्याचं बऱ्यापैकी भागतं. छात्राध्यापक वर्गापुढे उभं राहायला शिकायला आलेला असतो. त्याच्या मनात एकच मोठी भीती असते : उद्या चाळीस मुलं माझ्यासमोर असतील तेव्हा मला जमेल का? एखादी गोष्ट ही भीती कमी करते की नाही, यावर तो तिचं मोल करतो. तुमची स्लाइड कितीही देखणी असली तरी ती त्याची ही भीती कमी करत नाही. “तुझा प्रश्न चांगला होता, पण उत्तराची वाट तू दोन सेकंदही पाहिली नाहीस” हे एक वाक्य करतं.

दुसरी गोष्ट, छात्राध्यापक तुमच्याकडून शिकता शिकता तुमचं शिकवणंही निरखत असतो. तो तुमचा विद्यार्थी आहे आणि उद्याचा तुमच्याच व्यवसायातला माणूस आहे. मी एकदा विद्यार्थीकेंद्रित अध्यापनावर ऑनलाइन तासिका घेतली. पन्नास मिनिटं मी एकटीच बोलत होते. शेवटी एका मुलाने चॅटमध्ये अगदी नम्रपणे विचारलं, “मॅडम, हा घटक आम्ही शाळेत घेताना असाच घ्यायचा का?” तो खोचकपणे विचारत नव्हता, त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. पण मला उत्तर देता आलं नाही. जे आपण सांगतो आणि जसं आपण वागतो त्यात अंतर असलं, की बी.एड.च्या मुलांना ते इतर कुठल्याही विद्यार्थ्यांपेक्षा लवकर दिसतं, आणि त्यांच्या नाराजीत ते उतरतं. उलट, एखादी युक्ती तुम्ही ऑनलाइन तासिकेत वापरलीत आणि तीच त्याला दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात वापरता आली, तर तो आठवडाभर तुमच्या तासिकेला वेळेआधी येतो.

आता प्राचार्यांच्या नेटवर्ककडे येते. नेटवर्क, मोबाइल, डेटा यांना मी उंबरठा म्हणते. उंबरठ्याच्या खाली असाल तर बाकी काहीही केलंत तरी उपयोग नाही, कारण मूल आत येऊच शकत नाही. पण उंबरठा एकदा ओलांडला की त्याच्या वर आणखी खर्च करून समाधान फारसं वाढत नाही. महागडं ॲप घेणाऱ्या महाविद्यालयांची फसगत होते ती इथे. माझ्या बऱ्याच मुलांकडे रोजच्या दीड जीबीचा पॅक असायचा. तासाभराच्या व्हिडिओ तासिकेला अर्धा ते एक जीबी सहज जातो. दोन तासिका झाल्या की त्या दिवसाचा डेटा संपला, मग रेकॉर्डिंग बघणार कधी? आणि घरात मोबाइल एकच असेल, धाकट्या भावाचीही शाळा त्याच मोबाइलवर असेल, तर विचारायलाच नको. म्हणून तुम्ही ‘रेकॉर्डिंग उपलब्ध’ म्हणता, पण कोणाला उपलब्ध, हे एकदा मुलांना विचारा.

नेटवर्कच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे हजेरीची धास्ती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या निकषांनुसार बी.एड.ला तासिका आणि प्रात्यक्षिकांसाठी ८० टक्के आणि इंटर्नशिपसाठी ९० टक्के हजेरी लागते. हे आकडे मुलांच्या डोक्यात पक्के बसलेले असतात. तासिका चालू असताना रेंज गेली की घटक बुडाल्याची चिंता नंतर येते, आधी मनात येतं, आपली हजेरी लागली का? आमच्याकडे एक मुलगा फक्त हजेरीसाठी संध्याकाळी माळावर जाऊन बसायचा. थंडीत, अंधारात. तो अभ्यासक्रमाबद्दल समाधानी असेल अशी अपेक्षा आपण कशी करायची? आम्ही शेवटी ठरवलं की हजेरी कॅमेऱ्यावर किंवा शेवटपर्यंत जोडलेलं राहण्यावर ठेवायची नाही. तासिकेनंतर दोन दिवसांत चार ओळींचं उत्तर किंवा दोन मिनिटांचा आवाज पाठवला की हजेरी लागली. एवढ्या एका बदलाने तासिकेतला ताण उतरला. तुमच्या विद्यापीठाचे नियम काय परवानगी देतात ते आधी बघा, प्राचार्यांशी बोला आणि मगच करा. पण बोला नक्की.

मुलं गंभीर नाहीत, या तुमच्या म्हणण्यावर मी एवढंच सांगेन : कॅमेरा बंद असण्यावरून हा निष्कर्ष काढू नका. आमच्या एका बॅचमध्ये एक छात्राध्यापिका होती, दोन वर्षांच्या मुलाची आई. तिचा कॅमेरा कधीच चालू नसायचा, उत्तरंही क्वचित यायची. मी तिला बेफिकीर समजत होते. एकदा तिचा माइक चुकून चालू राहिला आणि भाकरी थापल्याचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकू आला. ती ओशाळून बाहेर पडली. संध्याकाळी सात ही तासिकेची वेळ आम्ही ठरवली होती, तिला कोणी विचारलं नव्हतं. सात ते साडेआठ ही ज्या घरात स्वयंपाकाची वेळ असते, त्या घरातली सून त्या वेळी विद्यार्थिनी होऊच शकत नाही. तिला आणि तिच्यासारख्या आणखी चौघींना आम्ही रात्री नऊची बॅच दिली. सेमिस्टरच्या शेवटी सगळ्यात जास्त पाठ टाचणं तपासून घेणारी तीच होती.

इथे मला मान्य करायला हवं की बरंच काही तुमची मुलं कोण आहेत यावर अवलंबून आहे. नुकतीच पदवी घेतलेली, बावीस-तेवीस वर्षांची मुलं असतील तर त्यांना महाविद्यालय हवं असतं. मैत्रिणी, कँटीन, पाठ चुकल्यावर जिन्यात बसून एकमेकांची समजूत काढणं. ऑनलाइनमध्ये त्यांचं जे हिरावलं जातं ते स्लाइड्सने भरून निघत नाही. शाळेत नोकरी करत असलेल्या शिक्षकांचं चित्र अगदी वेगळं. आपल्याकडे नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सेवेतल्या शिक्षकांचं बी.एड. कित्येक वर्षं दूरस्थ पद्धतीने घेत आलं आहे. अशा शिक्षकांशी मी बोलले आहे. त्यांना रजा न टाकता, एसटीचा प्रवास न करता शिकता येणं हीच मोठी सोय वाटते. शिवाय वर्ग त्यांच्या हाताशी असतो, आज ऐकलेलं ते उद्या करून बघू शकतात. देशभरातल्या बारा लाखांहून अधिक अप्रशिक्षित शिक्षकांनी २०१७ ते २०१९ या काळात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेसाठी नोंदणी केली, ‘स्वयम्’ हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ आणि अभ्यास केंद्रांच्या आधाराने. कायद्याने ३१ मार्च २०१९ ची मुदत घातली होती आणि नोकरी पणाला लागली होती. अशा वेळी माणूस समाधान मोजतो ते ‘माझी नोकरी वाचली का, वेळेत झालं का’ या हिशोबाने. म्हणून एका गटाचा सरासरी आकडा दुसऱ्या गटाच्या आकड्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. येताना कोण काय अपेक्षा घेऊन आलं, त्यावर समाधान ठरतं. तुमच्या ५० जणांत नवे किती, लग्न झालेल्या किती, आधीपासून खासगी शाळेत शिकवणारे किती, हे वेगळं काढून बघा. सरासरी २.६ मध्ये कदाचित एक ३.८ चा गट आणि एक १.९ चा गट लपलेला असेल. दोघांचं औषध एक नाही.

या सगळ्याला अभ्यासकांनी नावं दिलेली आहेत, तीही सांगते, कारण प्राचार्यांपुढे मांडताना तुम्हाला उपयोगी पडतील. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघांनी २००० मध्ये ऑनलाइन शिक्षणाचं एक प्रारूप मांडलं. त्यात तीन उपस्थिती सांगितल्या आहेत : विचारांची, सोबत्यांची आणि शिक्षकाची. तिन्ही एकत्र आल्या तर शिकण्याचा अनुभव उभा राहतो. तुमच्या तासिकेत शिक्षक बोलतो आहे, पण ‘शिक्षकाची उपस्थिती’ म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. रचना करणं, चर्चा पुढे नेणं आणि नेमकं मार्गदर्शन करणं असे तिचे भाग आहेत. त्याच्याही आधी मायकेल मूर यांनी दूरशिक्षणातल्या ‘अंतरा’चा विचार मांडला. त्यांच्या मते खरं अंतर किलोमीटरचं नसतं, शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात संवाद किती आणि अभ्यासक्रमाची चौकट किती ताठर, यावर ते कमीजास्त होतं. मी हे एम.एड.ला असताना परीक्षेपुरतं वाचलं होतं. पाटणच्या त्या मुलीच्या एका ओळीने ते मला खऱ्या अर्थाने कळलं. ती माझ्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर होती, पण “छान, पुढचा” म्हणून मी तिला त्याहून कितीतरी लांब ढकललं होतं.

आतापर्यंतचं थोडक्यात : नेटवर्क, डेटा आणि वेळ हा उंबरठा. अपेक्षा गटागटाने वेगळ्या. आणि उंबरठ्याच्या आत आल्यावर समाधान ठरतं ते आपलं काम कोणी बारकाईने पाहिलं का, आणि जे शिकलो ते उद्या वर्गात चाललं का यावर.

एक इशारा मात्र इथेच देते. समाधान आणि शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः गटात बसून उदाहरणं सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना वाटलं की आपण कमी शिकलो. ओघवतं व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं की आपण जास्त शिकलो. चाचणीत मात्र उलट दिसलं, स्वतः झटलेले पुढे होते. डोक्याला ताण पडतो तेव्हा माणसाला वाटतं, आपल्याला येत नाही. म्हणून २.६ चे ४.५ करणं हे उद्दिष्ट ठेवू नका. ते सोपं आहे. प्रात्यक्षिकाच्या वह्या कमी करा, अंतर्गत गुण सढळ द्या, तासिका लवकर सोडा, आकडा वर जाईल आणि जूनमध्ये शाळेत रुजू होणारं लेकरू उघडं पडेल. नाराजीचेही प्रकार असतात. ‘काम फार आहे’ ही नाराजी मी सहन करते. ‘काम केलं पण कोणी बघितलं नाही’ ही मला सहन होत नाही.

त्यासाठी तुमचा फॉर्म बदलावा लागेल. ‘ऑनलाइन अध्यापनाबाबत आपण कितपत समाधानी आहात?’ या प्रश्नाचं ५ पैकी उत्तर तुम्हाला काहीच सांगत नाही. शिवाय फॉर्मवर ई-मेल नोंदला जात असेल आणि अंतर्गत गुण तुमच्या हातात असतील, तर मुलं खरं लिहीत नाहीत. तुमच्या मुलांनी २.६ दिले, म्हणजे त्यांना अजून तुमच्याशी खरं बोलावंसं वाटतं. ही जमेची बाजू आहे, ती जपा. आम्ही आता सेमिस्टर संपायची वाट बघत नाही. चौथ्या आठवड्यात नाव न लिहिता तीन प्रश्न विचारतो : गेल्या पंधरा दिवसांत तुमच्या पाठाबद्दल कोणी तुम्हाला नेमकं काय सांगितलं? ऑनलाइन तासिकेतली कोणती गोष्ट तुम्ही शाळेत वापरली? तासिकेला येण्यात काय आडवं येतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर रिकामं सोडणाऱ्यांची संख्या हाच माझा आकडा. तो शून्याकडे न्यायचा.

आता तुम्ही काय बदला. मी तुमच्या जागी असते तर आठवड्याच्या थिअरीच्या ऑनलाइन तासिकांपैकी एक सरळ कमी केली असती. तो घटक दोन पानांच्या टिपणात आणि दहा मिनिटांच्या आवाजाच्या फाइलमध्ये बसवून व्हॉट्सॲपवर टाकला असता. आवाजाला डेटा फार कमी लागतो आणि एसटीत बसूनही ऐकता येतो. वाचलेला वेळ पाठांना दिला असता. छात्राध्यापकाने शाळेत पाठ घेताना सोबतीच्या छात्राध्यापकाकडून फक्त सहा मिनिटांचं चित्रण करून घ्यायचं. अख्ख्या पाठाचं नको, कुठली सहा मिनिटं हे त्यानेच ठरवायचं आणि का निवडली ते एका ओळीत लिहायचं. चित्रण शाळेच्या परवानगीनेच, फळा आणि शिक्षक दिसतील असं, मुलांचे चेहरे न घेता, पाठीमागून. मग तुम्ही ते बघून दोन-तीन मिनिटांचा आवाज पाठवायचा. एका पाठाला साधारण नऊ मिनिटं लागतात, ५० जणांना साडेसात तास. दोन आठवड्यांत विभागलंत आणि एका सहकाऱ्याने निम्मे घेतले तर आठवड्याला दोन तासांच्या आत बसतं. रद्द केलेल्या तासिकेच्या तयारीतला वेळ यात धरा.

त्या आवाजात काय बोलायचं, हे महत्त्वाचं. मी पहिले काही महिने सगळ्यांना सारखंच बोलत होते : आवाज स्पष्ट ठेवा, फलकलेखन सुधारा, आत्मविश्वास वाढवा. हे निरीक्षण वहीत वर्षानुवर्षं लिहिलं जाणारं वाक्य आहे आणि ते कुठल्याही पाठाला लागू पडतं. आता मी मिनिट सांगते. “दुसऱ्या मिनिटाला तू विचारलंस, ‘नदीला पूर का येतो?’ मागच्या बाकावरच्या मुलीने हात अर्धा वर केला होता, तू तोवर उत्तर सांगून टाकलंस. उद्या प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोज.” एवढंच. एक चांगली गोष्ट, एक बदलायची गोष्ट, दोन्ही जागा दाखवून. मुलगा दुसऱ्या दिवशी ते करून बघतो आणि स्वतःहून सांगायला येतो. काहींनी तर सांगितलं की तो आवाज त्यांनी घरी आई-वडिलांना ऐकवला.

उरलेल्या ऑनलाइन तासिकेत पन्नास जण एकदम घेऊ नका. दहा-दहाचे गट करा आणि प्रत्येक गटात एका छात्राध्यापकाचं चित्रण सगळ्यांनी मिळून बघा, आधी त्याला स्वतःला बोलू द्या. तुमचे छात्राध्यापक तीन तालुक्यांत पांगलेले आहेत, शाळेत स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतात, तिथे त्यांना कोणी विचारत नाही. आपल्यासारखंच दुसऱ्याचंही होतंय, त्याच्याही वर्गात मुलं ऐकत नाहीत, हे कळल्यावर त्यांना जो धीर येतो तो मी पाहिला आहे. हे गट महिनाभर बदलू नका, ओळख व्हायला वेळ लागतो. आणि रात्री नऊनंतर ग्रुपवर सूचना टाकू नका. सोळा आठवडे शाळा, पाठ टाचणं, वह्या आणि वर टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) अभ्यास असलेल्या मुलाला रात्री अकराला ‘उद्यापर्यंत सादर करावे’ असा निरोप आला की दिवसभराची सगळी पुण्याई त्या एका निरोपात वाहून जाते.

काही गोष्टी ऑनलाइन होत नाहीत, तेही मुलांना स्पष्ट सांगा. उभ्या फळ्यावर ओळ सरळ ठेवून लिहिणं, वर्गात फिरता फिरता वही बघणं, चाळीस मुलांचा गलका आवाज न चढवता खाली आणणं, हे पडद्यावर शिकवता येत नाही. आम्ही सुरुवातीला ऑनलाइनमध्येही सगळं होतं असं ठासून सांगत होतो आणि मुलांचा आमच्यावरचा विश्वास कमी होत होता. आता आम्ही आधीच सांगतो, या गोष्टींसाठी महिन्यातून एका शनिवारी महाविद्यालयात या, बाकीचं ऑनलाइन. त्या शनिवारी लांबून येणारी मुलंही सहसा चुकवत नाहीत.

हे सगळं एकदम सुरू करू नका, तुम्ही थकाल आणि मधेच सोडाल, मग मुलांची नाराजी दुप्पट होईल. या आठवड्यात अभिप्रायाचे ते ५० फॉर्म पुन्हा काढा, आकडे बाजूला ठेवा आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहिलेल्या ओळी वाचा. त्यातल्या ज्या दहा जणांनी सगळ्यात कडक लिहिलं आहे किंवा काहीच लिहिलेलं नाही, त्यांच्या शाळांच्या भागातून सुरुवात करा. नावं नसतील तर लांबच्या तालुक्यातले दहा घ्या. त्यांच्याकडून सहा मिनिटांचा एक-एक पाठ मागवा आणि शुक्रवारच्या आत प्रत्येकाला त्याच्या पाठाबद्दल तुमच्या आवाजात काहीतरी नेमकं पोचू द्या. काय घडलं ते मला जरूर कळवा. एखाद्या पाठावर काय बोलावं सुचत नसेल तर तसंही विचारा, आपण मिळून बघू.